भुरीचा कागद

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट आहे. सकाळी भुरीला फिरवून परत येत असताना आमच्या इमारतीच्या सचिवांनी मला जिन्यापाशी थांबवले आणि अतिशय सभ्यपणे विचारले, "मैडम, इस डॉग का कोई काग़ज़ है क्या?" भुरी माझ्या पायाशी बसली होती. मी "आहे, आणून देते" असे म्हणाले आणि वर आले. माझ्याकडे तिच्या रेबीजच्या लसीचे कार्ड होते; त्याखेरीज काहीही नव्हते. तरीही मी "आहे" असे म्हटले, कारण त्या क्षणी मला मनापासून वाटले की असा कागद असायला हवा, कोणीतरी तो मला लिहून द्यायला हवा आणि त्यात हे कुत्रे या बाईजवळ असणे आवश्यक आहे असे स्पष्ट शब्दांत म्हटलेले असायला हवे.

असा कागद जगात असतो हे मला ठाऊक होते, कारण माझ्या भाचीकडे तो होता. ती कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहते. त्याच वर्षी तिने भाड्याच्या घरात कुत्रा ठेवण्यासाठी तिच्या थेरपिस्टकडून पत्र घेतले होते आणि तिचा तो सात वर्षांचा, एका कानाने बहिरा, निवारागृहातून आणलेला कुत्रा मी व्हिडिओवर पाहिला होता. सचिव भेटले त्याच रात्री मी तिला फोन केला आणि तुझ्याकडे आहे तसे पत्र मला कसे मिळेल असे विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मावशी, पत्र कशासाठी हवंय? तुला बरं नाही का?" मी म्हणाले, सोसायटीवाले मागतात. ते खरे होते, पण तिच्या दोन प्रश्नांपैकी एकाचेच ते उत्तर होते. दुसऱ्याचे उत्तर द्यायला मला पुढचे तीन महिने लागले.

भाचीने सांगितलेले आणि नंतर मी स्वतः वाचलेले असे सगळे जुळवल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की मनाच्या आजारात आधार म्हणून जवळ ठेवलेल्या अशा कुत्र्याला तिकडे जे म्हणतात त्या 'इमोशनल सपोर्ट डॉग' या नावामुळे आपली समजूत चुकीच्या दिशेने जाते. आपल्याला वाटते, कुत्र्याची काही परीक्षा असेल, त्याला काही शिकवावे लागत असेल, त्याची कुठेतरी नोंद होत असेल. अमेरिकेत अशी कोणतीही सरकारी नोंदवही नाही, कुत्र्याला परीक्षा नाही आणि त्याच्या अंगावर चढवलेल्या लाल जाकिटाला कायद्यात काहीही किंमत नाही. पात्र ठरावे लागते ते माणसाला. घरांच्या बाबतीत भेदभाव होऊ नये म्हणून तिथे 1968 साली जो कायदा झाला, त्यात 1988 साली अपंगत्वाचाही समावेश करण्यात आला आणि त्याच्याच आधाराने ही सवलत मिळते. माणसाला असा शारीरिक किंवा मानसिक विकार असला पाहिजे की ज्यामुळे त्याच्या जगण्यातल्या एखाद्या तरी महत्त्वाच्या क्रियेवर, म्हणजे झोपेवर, कामावर, बाहेर पडण्यावर, स्वतःची काळजी घेण्यावर ठळक मर्यादा येते. आणि त्या प्राण्याच्या सोबतीने त्या विकाराचे एखादे लक्षण सौम्य होते, असा त्या दोहोंमधला संबंध दाखवता आला पाहिजे. या दोन गोष्टी असल्या, तर 'पाळीव प्राणी नकोत' असे करारात लिहिणाऱ्या घरमालकालाही वाजवी सवलत द्यावी लागते. अशा प्राण्यासाठी त्याला जादा अनामत मागता येत नाही, विशिष्ट जातीचा किंवा विशिष्ट वजनाचा कुत्रा चालणार नाही असे म्हणता येत नाही, भाडेकरूचे वैद्यकीय कागद उघडून दाखवा असाही आग्रह धरता येत नाही. मात्र कुत्र्याने दार ओरबाडले तर त्याची भरपाई भाडेकरूनेच करायची असते.

सर्व्हिस डॉग ही वेगळी गोष्ट आहे आणि या दोहोंची सरमिसळ तिकडेही खूप होते, असे भाची म्हणाली. अंध व्यक्तीला रस्ता दाखवणारा, किंवा भीतीचा झटका येऊ घातल्याचे ओळखून मालकाला ठरावीक रीतीने सावध करणारा कुत्रा एका विशिष्ट कामासाठी शिकवलेला असतो; म्हणून तो दुकानात, उपाहारगृहात, रुग्णालयात मालकाबरोबर जाऊ शकतो. ज्याच्या नुसत्या जवळ असण्याने बरे वाटते, त्याला हा हक्क नाही. विमानातही आता नाही. 2021 च्या जानेवारीपासून तिथल्या विमान कंपन्यांवर अशा प्राण्यांना सर्व्हिस डॉगसारखी वागणूक देण्याचे बंधन उरलेले नाही आणि त्यांना साधे पाळीव प्राणी मानण्याची मुभा कंपन्यांना मिळाली आहे. म्हणजे भाचीच्या त्या पत्राचा उपयोग मुख्यतः तिच्या घराच्या चार भिंतींपुरता आहे. मला तेवढाच हवा होता.

पत्र मिळायला तिला किती दिवस लागले असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की पत्र दोन दिवसांत मिळाले, पण त्यापूर्वी सात महिने ती त्या थेरपिस्टकडे जात होती. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2022 पासून नियमच असा आहे, की कुत्र्यासाठी असे पत्र देणाऱ्या व्यावसायिकाचे त्या माणसाशी निदान 30 दिवसांचे उपचाराचे नाते असले पाहिजे, त्याने त्याची रीतसर तपासणी केलेली असली पाहिजे आणि पत्रावर आपल्या परवान्याचा तपशील दिला पाहिजे. भाचीच्या थेरपिस्टने पत्र लिहिण्यापूर्वी तिला विचारले होते, की ज्या दिवशी तुला पलंगावरून उठवत नाही त्या दिवशी त्याला बाहेर कोण नेईल? भाचीने शेजारणीचे नाव सांगितले, शेजारणीला विचारूनही घेतले आणि मगच पत्र झाले. हा प्रश्न मला फार आवडला. त्यात कुत्र्याचाही विचार होता.

हा नियम करावा लागला त्याचे कारण मी स्वतः अनुभवले. त्याच आठवड्यात एका रात्री मी अशा कागदांची विक्री करणारे एक संकेतस्थळ उघडले. तिथे प्रश्नावली होती. झोप लागते का, छातीत धडधडते का, घराबाहेर पडणे टाळता का, गर्दीत गुदमरल्यासारखे होते का. मी प्रत्येक प्रश्नाचे खरे उत्तर दिले. शेवटचे उत्तर देताच पडद्यावर अभिनंदन उमटले, मी पात्र ठरले होते, आणि त्याखाली पैसे भरण्याची जागा होती. थोडे जास्त भरले तर भुरीचे छायाचित्र असलेले ओळखपत्रही मिळणार होते. मी पैसे भरले नाहीत. तो कागद अमेरिकेतही पुरेसा धरला जात नाही, प्रश्नावली भरून आणि शुल्क देऊन कोणालाही मिळणारे प्रमाणपत्र हा विश्वासार्ह पुरावा नव्हे असे तिथल्या गृहनिर्माण खात्याने 2020 च्या जानेवारीत स्पष्ट म्हटले होते, हे मला त्या रात्री माहीत नव्हते. मी थांबले ते दुसऱ्याच कारणाने. मी घराबाहेर पडणे टाळते, हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच कबूल केले होते आणि ते वाचणारे पलीकडे कोणीही नव्हते. मला फार एकटे वाटले. संगणक बंद करून मी भुरीजवळ जाऊन बसले.

2021 च्या एप्रिलमध्ये माझे यजमान गेले. त्या महिन्यात इंदूरमध्ये ज्यांनी दिवस काढले त्यांना मी त्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. मला त्रास सुरू झाला तो मात्र नंतर, त्या वर्षीच्या थंडीत, जेव्हा सगळे जण म्हणू लागले होते की आता त्या बऱ्या सावरल्या आहेत. रात्री अडीच-तीनच्या सुमारास जाग यायची, हृदय कानात ऐकू यायचे, श्वास अर्ध्यावर अडकायचा आणि आपण आता, या क्षणी मरत आहोत याची इतकी पक्की खात्री व्हायची, की मी दोनदा दाराची कडी काढून ठेवली. कोणाला आत यायचे झाले तर दार फोडावे लागू नये म्हणून. हृदयरोगतज्ज्ञांना दाखवले, कार्डिओग्राम झाला, इको झाला, सगळे उत्तम निघाले. "टेन्शन घेऊ नका" असे सांगून त्यांनी मला घरी पाठवले. त्या सल्ल्यानंतर मी कोणाशीच त्याविषयी बोलेनाशी झाले, कारण टेन्शन घेणे हा माझाच दोष आहे असे मी धरून चालले. मग लिफ्ट बंद झाली, म्हणजे माझ्यापुरती बंद झाली. मग भाजी टोपलीने वर ओढून घेणे आले. चाळीस वर्षे ज्या मराठी वाचनालयाची मी सभासद होते, तिथली दोन पुस्तके सव्वा वर्ष माझ्याकडे पडून राहिली. मुलगा बंगळूरूहून फोन करायचा तेव्हा मी त्याला गुडघे दुखतात असे सांगत असे.

भुरी 2023 च्या जानेवारीत आली. पार्किंगमध्ये एका कुत्रीने चार पिल्ले दिली होती, ती गाडीखाली गेली आणि त्यांतले एकच जगले. चौकीदार त्याला दूध पाजत असे. एका कडाक्याच्या रात्री तो ते पिल्लू पोत्यात गुंडाळून माझ्या दाराशी घेऊन आला, कारण रात्रभर दिवा जळत असलेले घर माझेच होते.

माझे माहेर रामबागेतले. आमचे कुलदैवत खंडोबा, होळकरांचेही तेच. त्यामुळे चंपाषष्ठीला वांग्याचे भरीत आणि बाजरीचे रोडगे यांचा नैवेद्य झाला की आजी पहिले ताट कुत्र्यासाठी काढायची. खंडोबाचे कुत्रे, म्हणून त्याला हळद लावायची, हात जोडायची. पण ते सगळे उंबरठ्याच्या बाहेर. कुत्रा घरात आला तर ओटी धुऊन काढावी लागे. त्यामुळे त्या रात्री ते पोते उंबरठ्याच्या आत घेताना माझा हात क्षणभर अडला, हे मला स्वच्छ आठवते. माझ्या वयाच्या आणि माझ्यासारख्या घरांतून आलेल्या पुष्कळ बायकांचा हात तिथेच अडत असणार.

पिल्लाला सकाळी सहाला खाली न्यावेच लागते. त्याला तुमची भीती कळत नाही, सवड कळत नाही, पाऊस कळत नाही. पहिले काही दिवस मी तिसऱ्या मजल्यावरून जिना उतरत असे आणि दर मजल्यावर बसत असे. मग बसणे कमी झाले. मार्चमध्ये मी कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यापर्यंत गेले. हे वाचणाऱ्याला क्षुल्लक वाटेल, पण सव्वा वर्षानंतर मी उभ्याने, रस्त्यावर, माणसांच्या मध्ये पोहे खाल्ले होते.

तरीही माझ्या दुखण्याशी भुरीचा नेमका संबंध काय, हे मला खूप नंतर, तिच्या दुखण्यातून कळले. दुसऱ्या पावसाळ्यात तिला गोचीडताप झाला. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले एक तरुण डॉक्टर तिला पाहत असत. त्यांनी मला शिकवले की ती झोपलेली असताना तिच्या बरगड्यांकडे पाहायचे, एका मिनिटात छाती किती वेळा वर येते ते मोजायचे आणि लिहून ठेवायचे. निजलेल्या कुत्र्याचे श्वास सतत तिसाच्या वर जाऊ लागले तर फोन करायचा. मी शाळकरी वही घेतली आणि रात्री दर दोन तासांनी मोजू लागले. पाचव्या रात्री मला नेहमीसारखी अडीचला जाग आली, छाती धडधडू लागली, पण मोजायची वेळ झाली होती म्हणून मी बॅटरी घेऊन तिच्याजवळ बसले आणि मोजले. बावीस. खात्री करण्यासाठी पुन्हा मोजले. एकवीस. तिसऱ्यांदा मोजताना माझ्या लक्षात आले की धडधड थांबली आहे. ती बरी झाली, गोळ्या संपल्या, पण मी वही बंद केली नाही. आजही जाग आली की मी हात लांबवून तिच्या बरगड्यांवर ठेवते आणि मोजते. सहसा अठरा असतात.

फेब्रुवारीत मी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. मला कुत्र्यासाठी एक प्रमाणपत्र हवे आहे, हे माझे पहिले वाक्य होते. त्यांनी नकार दिला नाही. त्यांनी शांतपणे विचारले, की असे प्रमाणपत्र आपल्या देशात कोणत्या कायद्याखाली चालेल असे तुम्हाला वाटते? मग त्यांनीच समजावून सांगितले. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे, त्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, तो उपचाराचा हक्क देतो, विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरायला लावतो. पण भावनिक आधार देणारा प्राणी ही संकल्पना यांपैकी कोणत्याही कायद्यात नाही. त्यामुळे त्यांनी पत्र लिहिले तरी ते एका डॉक्टरचे मत असेल, हक्कपत्र नसेल.

आणि मग त्यांनी जे सांगितले त्याने मी चकित झाले: मला त्याची गरजच नव्हती. आपल्या देशात सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. 1960 च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याखाली 1962 साली भारतीय पशुकल्याण मंडळ स्थापन झाले. त्या मंडळाने 2015 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, की बहुमताने ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांना मज्जाव करता येणार नाही आणि लिफ्ट वापरण्यासही मनाई करता येणार नाही. पाळणाऱ्यानेही लसीकरण वेळेवर करावे, बाहेर पट्टा बांधून न्यावे, घाण केल्यास उचलावी अशी त्यांची अपेक्षा आहे, आणि ज्या शहराला स्वच्छतेचा इतका अभिमान आहे त्या शहरात शेवटची अपेक्षा तर मला अगदी योग्य वाटते.

घरी येताना मी रिक्षात याचाच विचार करीत होते. भाचीला कुत्रा ठेवण्यासाठी आपला आजार सिद्ध करावा लागला. मला आजाराचा उच्चारही न करता कुत्री ठेवता येत होती. वरवर पाहता माझी स्थिती अधिक सोपी आहे, आणि घर टिकवण्याच्या दृष्टीने ती आहेच. पण भाचीच्या वाटेवर, त्या पत्रापाशी पोहोचण्यापूर्वी, सात महिने तिचे ऐकणारे एक माणूस बसलेले होते. माझ्या वाटेवर तसे कोणी नव्हते. मी भुरीच्या आडोशाने आणखी दहा वर्षे गुडघेदुखी सांगत राहू शकले असते.

म्हणून मी पुन्हा गेले. या वेळी प्रमाणपत्र मागितले नाही. बाईंनी निदान केले, औषध सुरू केले आणि आठवड्याला एक बैठक ठरवली. चौथ्या बैठकीत मी त्यांना ती वही दाखवली. त्यांनी पाने उलटली, भुरीच्या श्वासांच्या आकड्यांशेजारी माझ्या जागण्याच्या वेळा आपोआप नोंदल्या गेल्या होत्या. त्या म्हणाल्या, भीतीचा झटका येतो तेव्हा माणसाचे सगळे लक्ष स्वतःच्या छातीत अडकते. तुम्ही ते उचलून दुसऱ्याच्या छातीवर ठेवता आणि तिची संथ लय तुमच्या श्वासाला मिळते. बोरिस लेव्हिन्सन नावाच्या अमेरिकन बालमानसतज्ज्ञांचा उल्लेख त्यांनी केला. त्यांच्याकडे येणारे अबोल मूल त्यांच्या जिंगल्स नावाच्या कुत्र्यापाशी मोकळे होते हे पाहून त्यांनी 1962 साली, कुत्रा हा उपचारातला सहकारी होऊ शकतो, असे मांडणारा लेख प्रसिद्ध केला होता. सहकारी, हा शब्द बाईंनी दोनदा उच्चारला. गोळी सोडायची नाही, बैठका सोडायच्या नाहीत, भुरीवर सगळे ओझे टाकायचे नाही.

ते ओझे खरोखरच असते आणि अशा कुत्र्याची इच्छा करणाऱ्या प्रत्येकाने ते आधी उचलून पाहावे असे मला तळमळीने वाटते. दिवाळीच्या तीन रात्री आणि क्रिकेटचा सामना जिंकल्यावर शहरात जे फटाके उडतात त्या रात्री भुरी न्हाणीघरात थरथरत बसते आणि तेव्हा मला तिच्याजवळ बसावे लागते, माझे मन त्या दिवशी कसेही असो. वर्षाची लस, जंतांचे औषध, नसबंदीची शस्त्रक्रिया, गोचीडतापाच्या तपासण्या यांचा खर्च निवृत्तिवेतनातून काढावा लागतो. पुण्याला बहिणीकडे न्यायचे तर रेल्वेत पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे किंवा केबिन राखावी लागते, नाहीतर तिला सामानाच्या डब्यात ठेवावे लागते. ते मी करणार नाही, म्हणून दोन वर्षे बहीणच इकडे येते. आणि भाचीच्या थेरपिस्टचा तो प्रश्न मी स्वतःला विचारलाच: मी उठू शकले नाही तर? चौथ्या मजल्यावरची एक कॉलेजातली मुलगी आणि चौकीदार या दोघांकडे आता घराची एकेक किल्ली आहे. ज्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही त्याने तूर्त कुत्रा आणू नये. निवारागृहात जाऊन आठवड्यातून एक तास बसावे, तेही पुष्कळ आहे. ज्याला आज रात्रीच कोणाशी बोलण्याची गरज आहे त्याच्यासाठी 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो 2022 साली सुरू झाला, मला दोन वर्षे उशिरा कळला.

मार्चच्या अखेरीस बाईंनी आपण होऊन एक पत्र लिहून दिले. सात ओळींचे आहे. त्यात माझ्या आजाराचे नाव आहे, मी त्यांच्या उपचाराखाली केव्हापासून आहे ते आहे, आणि रात्रीच्या झटक्यांत तसेच घराबाहेर पडण्यात पाळीव कुत्रीच्या सोबतीने रुग्णाला निश्चित मदत होते असे त्यांचे निरीक्षण आहे. कायद्याच्या दृष्टीने त्याला काय वजन आहे ते मला आता नीट ठाऊक आहे. मी ते कितीदा वाचले ते मोजले नाही.

दुसऱ्या दिवशी मी फाइल घेऊन सचिवांकडे गेले. लिफ्टने गेले. लसीचे कार्ड, नसबंदीचा दाखला आणि पशुकल्याण मंडळाच्या सूचनांची छापील प्रत, असे तीन कागद त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी ते चष्मा लावून शांतपणे वाचले, ठीक आहे म्हणाले, आणि फाइलमध्ये उरलेल्या चौथ्या कागदाकडे बोट करून विचारले, "ये भी डॉग का है?"

मी म्हणाले, नाही, हा माझा आहे. कागद मी त्यांच्या हातात दिला नाही, पण त्यात काय लिहिले आहे ते त्यांना सांगितले, आजाराच्या नावासकट. आतून त्यांच्या पत्नी चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबून ऐकत होत्या. माझे सांगून झाल्यावर त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि अगदी खालच्या आवाजात त्यांनी मला त्या डॉक्टरबाई कोणत्या वारी बसतात ते विचारले.